विकण्याआधी ऐरोलीतल्या 2 बीएचकेमध्ये कोणतं काम टाळावं?

प्रश्न:
चार मजली इमारत, 25 वर्षं जुनी. फ्लॅट दोनेक वर्षांत विकायचा आहे. त्याआधी छोट्या बेडरूमची भिंत पाडून हॉल वाढवणं, बाल्कनी हॉलमध्ये घेणं, कॉमन टॉयलेट काढून स्टोअररूम करणं आणि जुन्या लाद्यांवरच नव्या बसवणं, असं डोक्यात आहे. यातल्या कशाने गिऱ्हाईक बिचकेल?

उत्तर 1:
भिंत आणि बाल्कनीला हात लावू नका. घेणारा बहुधा कर्ज काढणार आणि बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशाशी घर ताडून पाहणार. नकाशात दोन बेडरूम आणि जागेवर एकच दिसली की रिपोर्टात शेरा येतो, कर्ज अडतं. शिवाय 2 बीएचके शोधणारा तुमच्याकडे फिरकतच नाही आणि 1 बीएचकेवाल्याला भाव जास्त वाटतो. जुन्या इमारतीत 9 इंची भिंत भारवाहक असू शकते, स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय घण लावू नये.
बाल्कनीचा स्लॅब बहुतेक वेळा बाहेर लोंबता असतो आणि हॉलपेक्षा खाली. पातळी जुळवायला भराव घातला की वजन नेमकं नको तिथे पडतं, पाण्याचा उतारही बुजतो. बाहेरून बंद केलीत तर नगररचना अधिनियम 1966 खाली महापालिकेची नोटीस येऊ शकते, ती वेगळी.

उत्तर 2:
लाद्यांवर लाद्या नको. 40 मिमी मसाला आणि 10 मिमी टाइल म्हणजे चौरस मीटरला साधारण 100 किलो. 100 चौरस फुटांच्या खोलीत 900 किलोंच्या वर! जमीन दोन इंच उचलली जाते, दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरा बुडतो आणि पाणी पॅसेजमध्ये येतं. चिकटवायच्याच असतील तर टाइल ॲडहेसिव्ह (लाद्या चिकटवायचा तयार मसाला) वापरा, जाडी 3 ते 6 मिमी. आधी काठीने ठोकून पाहा, पोकळ वाजणारी लादी काढायलाच हवी.

प्रश्नकर्ता:
मग टॉयलेटचं काय? पैसा कुठे घालू?

उत्तर 1:
टॉयलेट राहू द्या. घरात म्हातारी माणसं असलेलं कुटुंब दोन टॉयलेट आहेत का, हे आधी विचारतं.
पैसा बाथरूम-टॉयलेटच्या वॉटरप्रूफिंगमध्ये घाला. लाद्या आणि जुना कोबा काढा. नहाणी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी) आणि पाइपभोवतीच्या फटी नॉन-श्रिंक ग्राउटने, म्हणजे सुकल्यावर न आकसणाऱ्या मसाल्याने भरा. वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन हात, एक आडवा, एक उभा, भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला 6 फुटांपर्यंत. सुकल्यावर 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघून या. मगच लाद्या, मीटरला 10 ते 12 मिमी उतार देऊन. घाईत ही पाण्याची चाचणी गाळली जाते आणि घर बघायला येणाऱ्याच्या नजरेत सगळ्यात आधी भरतो तो ओलीचा डाग.

उत्तर 3:
कामाआधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या, पाइप आणि वायरिंग झाकण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. खरेदीदार मागतात. हॉल मोठा दिसायला पांढरट रंग आणि एकाच मापाची लादी पुरते.