हस्कीच्या पिल्लाला या थंडीत गाडी ओढायला शिकवता येईल का?

लष्करचा_बंड्या:
नमस्कार मंडळी, घरी हस्कीचं पिल्लू आहे, आता पाच महिन्यांचं. पावसाळाभर कूलरसमोर पसरलेला असायचा आणि दिवाळीनंतर गारवा काय सुटला, पहाटेच दार ओरबाडायला लागतो. म्हटलं इथे ग्वाल्हेरच्या मेला ग्राउंडवर नेऊन कमरेला टायर बांधून ओढायला लावू, नाहीतर सायकलला बांधून पळवू. बाबा म्हणतात लहानपणीच सवय लागते, आई म्हणते आधी त्याला स्वेटर घाला. अलास्कात हेच कुत्रे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढतात ना, मग कधीपासून सुरू करू?

थाटीपूरची_ताई:
टायर आत्ता अजिबात नको रे! हाडांची टोकं अजून कच्ची असतात, वर्ष-दीड वर्षापर्यंत भरत जातात, त्याआधी वजन ओढायला लावलं किंवा डांबरावर सायकलच्या वेगाने पळवलं तर सांध्यांचं कायमचं दुखणं लागू शकतं. आणि आईंना सांग, स्वेटर नको. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत, आतला लोकरीसारखा, आपली पाच-सहा डिग्री म्हणजे त्याची मजा. लसी पूर्ण झाल्या का ते मात्र बघ, पार्व्होचं, त्या जीवघेण्या संसर्गाचं, पिल्लांना फार भय असतं आणि मेला ग्राउंडवर भटकी कुत्री कमी नाहीत.

छावणी_ते_व्हाइटहॉर्स:
माझं माहेर शिंद्यांच्या छावणीतलं, हल्ली कॅनडात युकॉनला असते, इथे शेजारीच स्लेजवाले आहेत म्हणून सांगते. बर्फ पडायची वाट कोणी बघत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात हवा थंड झाली की मोठ्या कुत्र्यांना चारचाकी मोटरबाइकला जुंपून मातीच्या रस्त्यावर सुरुवात करतात, आधी थोडं अंतर, मग हळूहळू वाढवत. पिल्लं तेव्हा नुसती मोकळी जंगलात मागे मागे हुंदडतात, ओंडक्यावरून उड्या, पाण्यात पाय, तेच त्यांचं शिक्षण. सहा-आठ महिन्यांची झाली की हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांवरून जाणारे पट्टे, चढवून शांत, जाणत्या कुत्र्याच्या शेजारी जोडतात, फेरी अगदी छोटी, आणि पिल्लू अजून उड्या मारत असतानाच थांबवतात, म्हणजे पुढच्या वेळी हार्नेस दिसला की आनंदाने वेडं होतं. दमवलं की मामला बिघडला. उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, निघायला ‘हाइक’, थांबायला ‘व्हो’, पण तू तुझे शब्द ठरव, फक्त घरात सगळ्यांनी तेच वापरा. रोजच्या फिरण्यात वळायच्या आधी शब्द म्हणायचा, मग वळायचं, एवढंच या हिवाळ्याचं काम.

लष्करचा_बंड्या:
मावशी एकदम भारी माहिती, थँक्यू! पण तो गळ्यातला पट्टा ताणून आत्ताच मला फरफटत नेतो, त्याचं काय?

छावणी_ते_व्हाइटहॉर्स:
अरे ओढणं त्याच्या रक्तातच आहे, ते मोडू नको, वेगळं कर. गळ्यात पट्टा म्हणजे शेजारी चालायचं, ताणला की तू जागीच उभा. हार्नेस म्हणजे पुढे जायचं. गळ्यानं कधीच ओढू देऊ नको, श्वासनलिकेवर ताण येतो. मोठा झाला की तुझ्या कमरेला बेल्ट आणि मध्ये लवचिक दोरी लावून दोघं पळा, स्लेज नसलेले लोक इथेही तेच करतात.

कंपूवाले_काका:
एक राहिलं, ग्वाल्हेरचा हिवाळा आहे केवढा, फेब्रुवारी सरली की संपला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करायचं, त्यामुळे पुढच्या वर्षी पळवशील तेव्हाही डिसेंबर-जानेवारीची सकाळ, धुकं जास्त असेल तर रस्त्यावर नकोच, आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात घरातच ठेव. केस भादरू नका, त्याच थरामुळे कातडी उन्हाने भाजत नाही. खरं सांगू, हा कुत्रा आपल्या गावचा नव्हेच, पण आता आणलाय तर निभवा.

थाटीपूरची_ताई:
आणि बंड्या, स्वेटरची हौस असेल तर आईंना गल्लीतल्या पिल्लांकडे बघायला सांग. त्यांचा जन्मच ऐन थंडीत होतो. जिन्याखाली खोकं आडवं ठेवून आत कोरडं गोणपाट घाला, ओलं झालं की बदला, आणि पिल्लांच्या आईलाही तिथेच खायला द्या म्हणजे ती लांब जात नाही.

लष्करचा_बंड्या:
आमच्या जिन्याखाली चार आहेत ताई, आई आत्ताच गोणपाट शोधायला गेली. हार्नेस कुठला घेऊ तेवढं कोणीतरी सांगा.

छावणी_ते_व्हाइटहॉर्स:
आत्ता साधा हलका, वाढत्या अंगाचा. ओढायचा वेगळा असतो, तो पूर्ण वाढ झाल्यावर माप घेऊनच.