पेंग्विन बघाच, पण थोडं वेगळ्या पद्धतीने

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडला, संध्याकाळी समुद्रातून घरी परतणारे पेंग्विन बघायला, एवढं लांब जाऊन त्यांचे फोटोही काढू देत नाहीत म्हणून कुणीकुणी वैतागतात, पण अहो तो नियम बरोबरच आहे, फ्लॅश मारत सुटणारी जनता आपण बघतोच की! माझं ऐकाल तर किनाऱ्यावरच्या बाकांवर शेवटपर्यंत बसूच नका, पहिले दोन-चार थवे पाण्यातून वर आले की उठून बोर्डवॉकच्या पायवाटेने परत फिरा, खरी मजा तिथेच आहे, जेमतेम ३०-३५ सेंटिमीटरचे ते जीव अगदी बाजूने डुलतडुलत बिळाकडे जातात, मधेच थांबून दम खातात आणि मग अंधारात जो कलकलाट सुरू होतो ना, भांडकुदळ शेजारी परवडले. उन्हाळा असला तरी जाड जॅकेट न्या, वारा बेक्कार असतो. गाडी काढण्याआधी खाली पेंग्विन तर नाही ना ते वाकून बघा, तिथे तशी पाटीच आहे.

आणि जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर ग्रेट ओशन रोड हा समुद्राकाठचा रस्ता करून पुढे वॉरनमबूल गावी लोगन्स बीच गाठा, सदर्न राइट व्हेल या देवमाशांच्या माद्या पिल्लं घालायला तिथे किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ येतात, प्लॅटफॉर्मवरून फुकट बघायला मिळतात. दुर्बीण मात्र हवीच. बोट लागणाऱ्यांची तर सोयच झाली.