खनिज वाळू आणि शिरोलीच्या फाउंड्र्या
"उसाला डीएपी खत लागतं म्हणून फॉस्फेटचं समजतं, पण ती छोटी कंपनी खनिज वाळू शोधतेय त्याच्याशी कोल्हापूरचा काय संबंध?" असं खनिजं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या चर्चेत वर एकाने विचारलंय. फॉस्फेटबद्दल सहमत. पण वाळूचा संबंध बघायचा तर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांत (ओतकाम कारखान्यांत) चक्कर मारा. ओतकामाआधी कोअरवर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यावर) पांढुरका लेप मारतात ना, त्यात बऱ्याचदा झिरकॉनचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या एका खनिजाचं, पीठ असतं. ते वितळलेलं लोखंड वाळूत घुसू देत नाही. नाहीतर कास्टिंगला वाळू चिकटते आणि फेटलिंगवाल्याचा (कास्टिंग साफ करणाऱ्याचा) दिवस ग्राइंडर फिरवण्यात जातो. हे झिरकॉन अशाच खनिज वाळूतून, म्हणजे जड खनिजं मिसळलेल्या वाळूतून निघतं.

म्हणून त्या कंपनीच्या ड्रिलिंगच्या आकड्यांत जड खनिजं एकूण किती टक्के एवढ्यावर भुलू नका. त्यात बहुधा इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिजच जास्त असतं, आणि ते स्वस्त. झिरकॉन आणि रुटाइल (टायटॅनियमचंच, पण महाग खनिज) किती ते आधी बघा.