चेक बाउन्समध्ये शिक्षा झाली, अपिलाला नक्की किती दिवस? नाशिकमध्ये वकील कसा निवडावा?

द्राक्षबाग_निफाड:
मंडळी, घाईत लिहितोय. मामांनी द्राक्षाच्या औषधांच्या उधारीपोटी दिलेला चेक परत गेला होता. नाशिकच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टाने १० मार्चला एक वर्ष साधी कैद आणि ६ लाख नुकसानभरपाई सुनावली. त्याच दिवशी जामीन मिळाला, शिक्षा ३० दिवस स्थगित आहे. आमचे वकील म्हणतात ६० दिवस आहेत, निवांत करू. सोसायटीतले एक काका ९० म्हणतात. खरं काय? आणि सेशन कोर्टात अपील चालवणारं कोणी चांगलं असेल तर सुचवा.

सीबीएस_कट्टा:
तुमच्या मामांना ३० दिवस. आकडे तिन्ही खरे आहेत, पण वेगवेगळ्या प्रकरणांचे. मुदत कायदा १९६३ च्या परिशिष्टातला अनुच्छेद ११५ असं सांगतो की शिक्षेविरुद्धचं अपील हायकोर्टात जाणार असेल तर ६० दिवस, इतर कोर्टात जाणार असेल तर ३०. मॅजिस्ट्रेटच्या निकालावरचं अपील सेशनला जातं, म्हणून ३०. सेशन कोर्टानेच शिक्षा दिली असती तर मुंबईला जावं लागलं असतं आणि ६० मिळाले असते (फाशीची शिक्षा असेल तर तिथेही ३०च). काकांचे ९० बहुधा रिव्हिजनचे (म्हणजे वरच्या कोर्टाकडून निकालाची फेरतपासणी). उद्या सेशनने अपील फेटाळलं, तर हायकोर्टात रिव्हिजनला ते लागू होतील.

गोदाकाठची_मावशी:
वरच्यांशी सहमत. निकालाचा दिवस मोजायचा नाही. ११ मार्च हा पहिला दिवस, तिसावा येतो ९ एप्रिलला. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण त्यावर विसंबून राहू नका.

द्राक्षबाग_निफाड:
पण निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस धरत नाहीत ना? वकिलांनी १२ ला नक्कल अर्ज टाकला, १८ ला तयार झाली.

सीबीएस_कट्टा:
धरत नाहीत, हे बरोबर. कलम १२ प्रमाणे अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वगळले जातात. १२ ते १८ म्हणजे सात दिवस, त्या हिशेबाने १६ एप्रिल. नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली आणि तुम्ही आठवड्याने आणली, तर तो आठवडा मात्र तुमच्या खात्यात.

आता एक सांगा, निकालाच्या दिवशी मामांना कोर्टाने फुकट प्रत दिली का? कैदेची शिक्षा झाली की ती लगेच द्यायची असते, नव्या बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४०४ मध्येही तसंच आहे.

द्राक्षबाग_निफाड:
हो, दिली. सही पण घेतली.

सीबीएस_कट्टा:
मग ते सात दिवस विसरा. समोरचा वकील म्हणेल, प्रत पहिल्याच दिवशी हातात होती, मग दिवस कसले वगळायचे? तो वाद अंगावर घेण्यापेक्षा ९ एप्रिल धरून चला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अपिलाची मुदत आणि शिक्षेची स्थगिती ही दोन वेगळी घड्याळं आहेत. नक्कलेमुळे मुदत पुढे सरकते, उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीही मागता येते (आजारपणाचे कागद, पुरेसं कारण वगैरे, आणि माफी मिळेलच असं नाही). स्थगितीची तारीख मात्र यातल्या कशानेही हलत नाही. मॅजिस्ट्रेटने दिलेले ३० दिवस संपले आणि सेशनकडून नवी स्थगिती नसेल, तर वॉरंट निघू शकतं. मुदत शिल्लक असूनही. म्हणून अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज जोडा आणि त्यावर आदेश त्या तारखेच्या आत घ्या. ९ ला दाखल करून हे जमणार नाही, एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत उरका.

तपोवन_७७:
पैशांचीही तयारी ठेवा. चेकच्या प्रकरणात अपील कोर्ट चेकच्या कायद्याच्या (एनआय ॲक्टच्या) कलम १४८ खाली भरपाईच्या किमान २० टक्के भरायला सांगतं. ६ लाखांवर १ लाख २० हजार. भरायला ६० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ३०. अपवादात्मक परिस्थितीत कोर्ट ही अट सोडू शकतं, पण त्यासाठी अर्जात नीट कारणं मांडावी लागतात.

चेकवाला_फिर्यादी:
मी उलट्या बाजूचा. माझा आरोपी सुटला. मला काही करता येतं का?

सीबीएस_कट्टा:
येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंय की चेकचा फिर्यादी हाही पीडित आहे, त्यामुळे हायकोर्टाची विशेष परवानगी न घेता त्याला थेट अपील करता येतं, तुमच्या बाबतीत सेशनला. दिवसांचा हिशेब आजच वकिलाला विचारा. कृपया वेगळा धागा काढा, इथे मामांची तारीख जवळ आलीय.

गोदाकाठची_मावशी:
वकिलाबद्दल. नावं इथे नकोत, उगाच जाहिरात होते. जिल्हा कोर्टात एक सकाळ घालवा आणि फौजदारी अपिलं कोण चालवतं ते बघा. भेटल्यावर विचारा, "स्थगितीचा आदेश कुठल्या तारखेपर्यंत लागेल?" आदेश न वाचता जो "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याकडून उठा. फीमध्ये नकला, टायपिंग, जामिनाचं काम धरलंय का, तेही आधीच ठरवून घ्या. परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतला माणूस अशा काहींना तिथे उत्पन्नाची अट नाही, इतरांना साधारणपणे आहे. नाशिकरोडच्या जेलमधल्या माणसालाही जेलमार्फत अपील पाठवता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

द्राक्षबाग_निफाड:
उद्याच सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा कोर्टात जातो. जुन्या वकिलांकडून फाईल कशी मागू? ते मामांचे जुने स्नेही आहेत, वाईट वाटेल.

तपोवन_७७:
स्नेह राहू द्या. "दुसरा सल्ला घ्यायचाय" एवढं म्हणा आणि निकालाची प्रत, स्थगितीचा आदेश, जामीनकतब्याची (जामिनाच्या बाँडची) झेरॉक्स घेऊन या. निकाल ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून बघता येतो, त्यामुळे फाईलसाठी अडून बसू नका. नवीन वकील आला तर वकीलपत्रावर जुन्यांची ना-हरकत सही लागेल का, ते त्याच्याकडूनच समजून घ्या. आणि मामांना सांगा, स्थगितीच्या सुनावणीच्या दिवशी जामीनदार सातबारा आणि आधार घेऊन हजर हवा, बाग फवारायला गेला असं चालणार नाही.