पाच वर्षे एकट्याने लिहिलेला कोड आता तिघांना कसा झेपावा?

प्रश्न
एका पतसंस्थेच्या ठेवी आणि कर्जांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर मी पाच वर्षे एकट्याने लिहीत आलो आहे. अलीकडे दोन सहकारी सोबतीला आले, पण कामाचा वेग वाढण्याऐवजी मंदावला. व्याज काढणारे एकच फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) सहाशे ओळींचे असून मुदतपूर्व मोडलेली ठेव, ज्येष्ठ नागरिक, थकीत हप्ता अशी प्रकरणे येत गेली तसतसा मी एकेक फ्लॅग, म्हणजे हो-नाही सांगणारी खूण, जोडत गेलो. आज ते पाच आहेत. मला ते सारे तोंडपाठ आहे. परवा मात्र एका सहकाऱ्याने राउंडिंग (रक्कम पूर्णांकात आणण्याची पद्धत) एका जागी बदलले, दुसऱ्या जागी तसेच राहिले आणि पासबुक व खतावणी यांत एका रुपयाचा फरक पडला. सगळे नव्याने लिहावे काय?

उत्तर १
मुळीच नाही. पाच फ्लॅग म्हणजे 32 शक्यता, आणि त्यांतल्या कोणत्या प्रत्यक्षात येतच नाहीत हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सॉफ्टवेअरचे अभ्यासक टॉमस मॅककेब यांनी 1976 मध्ये फंक्शनमधील स्वतंत्र वाटा मोजण्याची पद्धत मांडली आणि सुमारे 10 ही मर्यादा सुचवली. आधी ती मोजणी करा आणि फंक्शनचे तुकडे पाडा.

उत्तर २
तुकडे पाडल्याने आकडा उतरेल, परंतु गुंता केवळ जागा बदलेल. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच दाखवून दिले होते की विभागणी कामाच्या पायऱ्यांनुसार न करता, पुढे बदलू शकणाऱ्या निर्णयांनुसार करावी आणि असा प्रत्येक निर्णय एकाच मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागाच्या, पोटात ठेवावा. राउंडिंग हा तसाच एक निर्णय आहे. दिवस कसे मोजायचे, म्हणजे ठेव काढल्याचा दिवस धरायचा की नाही आणि वर्ष 365 दिवसांचे की 366, हा दुसरा.

प्रश्नकर्ता
आत्ताच शोधले. दिवस मोजणारा कोड तीन ठिकाणी निघाला, आणि त्यांतल्या एका ठिकाणी लीप वर्षाचा विचारच केलेला नाही. तिन्ही माझेच अक्षर!

उत्तर ३
ती चूक आज दुरुस्त करू नका. आधी गेल्या 31 मार्चच्या सर्व खात्यांवरील व्याजाच्या रकमा, चुकीच्या असल्या तरी, जशाच्या तशा जतन करा आणि रचनेतील प्रत्येक बदलानंतर त्या पैशापर्यंत जुळवून पाहा. लीप वर्षाची दुरुस्ती त्यानंतर वेगळ्या कमिटमध्ये (कोडच्या इतिहासात एकत्र जतन होणाऱ्या बदलात), कारण नोंदवून करा. रचना आणि वर्तन एकाच कमिटमध्ये बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येत नाही. तिघांमध्ये बोलण्याचे दुवे तीनच असतात, आठ जणांत ते 28 होतात, तेव्हा ही सवय आत्ताच लावून घेणे सोपे. आणखी एक, तो कोड तुम्ही समजावून सांगू नका; नव्या सहकाऱ्याला तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा आणि तो जिथे अडखळेल तिथले नाव त्याच वेळी बदला.