अनुभव धागा: एमएचटी-सीईटीची तयारी, नाशिककरांच्या नोंदी

गोदाकाठ (धागा सुरू करताना)
बारावीची लेखी परीक्षा मार्चात आटोपते आणि इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंच्या प्रवेशासाठीची राज्याची सीईटी एप्रिल-मेमध्ये येते. मधल्या चार-पाच आठवड्यांबद्दल कॉलेज रोड-गंगापूर रोडवरचे क्लासचे फलक पुष्कळ बोलतात, कामाचं थोडं सांगतात. ज्यांनी ही परीक्षा शिकवली आहे किंवा घरातल्या मुलांकडून करून घेतली आहे, त्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको. मुलांना उद्या सकाळी वापरता येईल असं लिहा.

माहीत नसणाऱ्यांसाठी पीसीएमचा (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) आराखडा: पहिली ९० मिनिटं फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०, प्रत्येक प्रश्न १ गुणाचा. पुढची ९० मिनिटं गणित, ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

फळा-खडू
वरच्या आकड्यांचा अर्थ नीट बघा. निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत आणि दर प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. मुलं पहिल्यापासून क्रमाने सोडवत जातात, आठव्या प्रश्नातलं इंटिग्रेशन सहा मिनिटं खातं आणि शेवटचे दहा सोपे प्रश्न बघायचेच राहतात. म्हणून तीन फेऱ्या. पहिली साधारण ४० मिनिटांची: लॉजिक, मॅट्रायसेस, लिनिअर प्रोग्रॅमिंग, बायनॉमियल, सरळ डेरिव्हेटिव्ह. दुसरी ३५ मिनिटांची: व्हेक्टर, लाइन अँड प्लेन, डिफरन्शियल इक्वेशन, इंटिग्रेशन. उरलेली पंधरा मिनिटं अडलेल्यांना, त्यातली शेवटची तीन फक्त रिकाम्या जागा भरायला. बारा प्रश्न कोरे राहिले असतील तर चार पर्यायांतून नुसत्या अंदाजानेही सरासरी तीन बरोबर येतात. ते ६ गुण सोडायचे नाहीत.

इंडेफिनिट इंटिग्रेशन अडलं की उलट जा: पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह घ्या, प्रश्नातलं फंक्शन ज्याच्यातून येतं ते उत्तर. डेफिनिटमध्ये आधी क्षच्या जागी ‘मर्यादांची बेरीज वजा क्ष’ ठेवून बघा. छेदात मूळ फंक्शन आणि हे बदललेलं फंक्शन यांची बेरीज असेल आणि अंशात त्यांतलं एक, तर उत्तर मर्यादांच्या फरकाच्या निम्मं. कागदावर काही मांडायची गरज नाही.

लॉजिकमधली नेहमीची चूक: ‘प असेल तर क’ याचा नकार मुलं ‘प नसेल तर क नाही’ असा निवडतात. नकार आहे ‘प आहे आणि क नाही’. पर्यायांत दोन्ही दिलेले असतात.

निफाडकर
अकरावीकडे लक्ष द्या हो. प्रत्येक विषयात साधारण २० टक्के, म्हणजे ५० पैकी १० प्रश्न अकरावीचे. फिजिक्स १०, केमिस्ट्री १०, गणित २०, मिळून ४० गुण. बोर्डाच्या धांदलीत या पुस्तकांवर वर्षभराची धूळ बसलेली असते आणि द्राक्षाच्या हंगामात घरी मजुरांची टंचाई असली की बसलेला वेळही तुटतो. पण सगळी अकरावी नसते, ठरावीक प्रकरणंच असतात. फिजिक्सची आठ: मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर. गणितात स्ट्रेट लाइन, सर्कल, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, कॉम्प्लेक्स नंबर, लिमिट्स वगैरे. सीईटी कक्षाचं अभ्यासक्रमाचं पत्रक छापून भिंतीला लावा आणि दिवसाला एक प्रकरण संपवा.

लंबक
फिजिक्समध्ये कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे पेपर काढणाराही बहुतेक गुणोत्तरंच विचारतो. ती पाठ नको, हाताखाली हवीत. लंबकाची लांबी २१ टक्के वाढली तर आवर्तकाल १० टक्के वाढतो, कारण १.२१ चं वर्गमूळ १.१. लांबी ४४ टक्के वाढली तर २० टक्के. आठ सारखे थेंब मिळून एक झाला की त्रिज्या दुप्पट, टर्मिनल व्हेलॉसिटी चौपट आणि एकूण पृष्ठफळ निम्मं. इथे मुलं एका थेंबाची तुलना मोठ्या थेंबाशी करतात आणि ‘चौपट’ निवडतात. प्रश्न आठांच्या एकूण पृष्ठऊर्जेबद्दल असतो. ‘एकूण’ हा शब्द वाचल्याशिवाय पर्यायाकडे बघू नका.

वेळेचं सांगायचं तर आधी केमिस्ट्री ३० मिनिटांत, मग फिजिक्सला ५५, आणि ५ मिनिटं कोरे प्रश्न भरायला.

अणुरेणू
केमिस्ट्री ३० मिनिटांत होते, पण बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचलेलं असेल तरच. चौकटी आणि तक्तेसुद्धा. हिशेबाचे प्रश्न थोडे आणि ठरलेले: फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया ७५ टक्के व्हायला दोन हाफ-लाइफ (निम्मा पदार्थ संपायचा काळ), ८७.५ ला तीन, ९९.९ ला जवळपास दहा. सॉलिड स्टेटमध्ये पॅकिंग (कणांनी व्यापलेली जागा) सिंपल क्यूबिक ५२.४, बीसीसी ६८, एफसीसी ७४ टक्के. लंबक यांच्या वेळापत्रकात एक भर: ऑरगॅनिकचं ज्याचं कच्चं आहे त्याने केमिस्ट्रीला ३५ धरावीत.

पेठ-दिंडोरी
दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला मराठीचा पर्याय आहे, गणिताचा पेपर इंग्रजीतच. गणित येत असूनही शब्दावर गुण जातात. ‘अॅट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘अॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे. नाणं पाच वेळा उडवलं, ‘अॅट लीस्ट’ एक छापा: ३१/३२. ‘अॅट मोस्ट’ एक छापा: ३/१६. दोन्ही उत्तरं पर्यायांत असू शकतात. असे चाळीस-पन्नास शब्द वहीत काढा आणि रोज एक जुना पेपर फक्त ‘काय विचारलंय’ एवढंच सांगण्यासाठी मोठ्याने वाचा, सोडवू नका.

मॉक_रोज
कागदावर कितीही सराव केला तरी स्क्रीनवर वेग पडतो. आठवड्याला तीन पूर्ण मॉक (सराव परीक्षा) संगणकावर द्या, मोबाइलवर नाही. शिफ्टच्या वेळेला, सलग १८० मिनिटं.

दोन गोष्टी मुलांना आधी कळायला हव्यात. उत्तर निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता थेट दुसऱ्या प्रश्नाच्या आकड्यावर क्लिक केलं तर उत्तर नोंदलं जात नाही. आणि पहिली ९० मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्री बंद होतात, गणित लवकर झालं म्हणून परत जाता येत नाही. म्हणजे कोरे प्रश्न भरण्याची वेळ दोनदा येते.

मॉकनंतर चुकांची वही, तीन रकाने: माहीत नव्हतं, आकडेमोड चुकली, प्रश्न चुकीचा वाचला. पाच मॉकनंतर रकाने मोजा. पहिला भरलेला असेल तरच नवीन प्रकरण हातात घ्या. दुसरा-तिसरा भरला असेल तर नवीन वाचून गुण वाढणार नाहीत. कच्चं काम घड्या घालून आखलेल्या चौकटींत, प्रश्न क्रमांक टाकून. पडताळणीला तेच लागतं.

मॉकचे गुण आणि पर्सेंटाइल एक समजू नका. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि पर्सेंटाइल (आपल्याइतके किंवा कमी गुण असलेल्या मुलांची टक्केवारी) आपल्याच शिफ्टमधल्या मुलांच्या तुलनेत निघतं, म्हणून दुसऱ्या शिफ्टमधल्या मित्राच्या गुणांशी आपले गुण लावून घाबरण्यात अर्थ नाही.

हिरवा_सेतू
पीसीबीवाल्यांना (गणिताऐवजी बायोलॉजी) बायोलॉजीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. नीटचा अभ्यास झाला असला तरी बालभारतीतली उदाहरणं आणि शब्द वेगळे आहेत, ते पुस्तक एकदा वाचाच.

कागदपत्रं अभ्यासाच्या मध्ये येऊ देऊ नका. जात वैधता आणि डोमिसाइल यांचे अर्ज अकरावीतच करा. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश त्याच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. तारीख गेलेलं प्रमाणपत्र घेऊन मुलं येतात आणि ऐन उन्हात सेतूच्या रांगेत उभी राहतात. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरश: एक आहे का, ते फॉर्म भरण्याआधी जुळवा.

द्वारका-चौक
केंद्र शहराच्या टोकाला, आडगाव किंवा त्र्यंबक रोडकडे येऊ शकतं. आदल्या दिवशी एकदा जाऊन या. सकाळची शिफ्ट असेल तर द्वारका चौकातल्या कोंडीसाठी अर्धा तास जास्तीचा धरा. सुरगाणा, कळवण, येवल्याहून येणाऱ्यांनी पहाटेच्या एसटीवर विसंबू नये, आदल्या रात्री नाशिकात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र एकाच पारदर्शक पाकिटात. मनगटी घड्याळ घरीच ठेवायचं, वेळ स्क्रीनवर दिसते.