झटक्यानंतर सिटिकोलिन महिनोन्महिने चालू ठेवावे काय?

औषधविक्रेता, खानापूर
अर्धांगवायूच्या रुग्णाची चिठ्ठी घेऊन घरची माणसे येतात, तेव्हा तिच्यावर सिटिकोलिन (मेंदूच्या पेशी सावराव्यात म्हणून दिली जाणारी गोळी) १-०-१ असे लिहिलेले असते. किती दिवस, हे मात्र बहुधा नसते. त्यामुळे गोळ्या चालूच राहतात आणि पैसे अपुरे पडले की आधी फिजिओथेरपी बंद होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इक्टस चाचणीत झटक्याच्या २,२९८ रुग्णांना सहा आठवडे रोज २,००० मिलिग्रॅम सिटिकोलिन किंवा बिनऔषधी डोस दिला गेला, आणि ९० दिवसांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मग हा खर्च कशासाठी?

फिजिशियन, बेळगाव
सिटिकोलिन आपले शरीरही तयार करते. पेशीच्या आवरणातील फॉस्फॅटिडिलकोलीन हा स्निग्ध घटक कोलीनपासून घडतो, त्या मार्गावरचा हा मधला टप्पा जीवरसायनशास्त्रज्ञ यूजीन केनेडी यांनी १९५०च्या दशकात उलगडला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की विकरे (एन्झाइम) त्या आवरणाचीच मोडतोड करतात, म्हणून दुरुस्तीला कच्चा माल पुरवण्याची कल्पना तर्काला धरून आहे. शिवाय इक्टसमधील बऱ्याच रुग्णांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले होते. ज्यांना मिळाले नव्हते, त्यांच्यात कल थोडा अनुकूल होता. ते इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते; आपल्याकडचे किती रुग्ण तेवढ्या वेळात इथवर पोहोचतात?

औषधविक्रेता, खानापूर
डॉक्टरसाहेब, कल्पनेला माझा विरोध नाही. परंतु तोंडावाटे घेतलेले सिटिकोलिन जसेच्या तसे मेंदूत जात नाही. आतड्यात त्याचे कोलीन आणि सिटिडीन असे दोन तुकडे होतात, सिटिडीनचे पुढे युरिडीन होते, आणि जुळणी मेंदूला पुन्हा करावी लागते. एकूण निकाल शून्य आल्यावर एखाद्या उपगटात दिसलेला कल ही नव्या चाचणीची सूचना ठरते, चिठ्ठीचा आधार नव्हे. आणि त्या चाचणीत औषध झटक्यापासून २४ तासांच्या आत सुरू झाले होते. आठव्या महिन्यातल्या गोळीला तिचा कोणताच उपगट आधार देत नाही. डोक्याला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांवरील कोब्रिट चाचणीत तर ९० दिवस देऊनही फायदा दिसला नाही.

फिजिशियन, बेळगाव
आठव्या महिन्याचे समर्थन मीही करणार नाही. मात्र पहिल्या सहा आठवड्यांत, दुष्परिणाम इतके कमी असताना, मी ते लिहीत राहीन.

सून, निपाणी
आपण दोघेही चिठ्ठीबद्दल बोलता. घरात ती चिठ्ठी वाचणारे कोण असते, हेही पाहावे. आमच्या मामंजींचे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होते. ‘मेंदूची गोळी बंद केली तरी चालते’ असे कोणीतरी सांगितले, आणि सासूबाईंनी तिच्यासोबत अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळीही बाजूला ठेवली, कारण त्यांच्या लेखी तीही मेंदूसाठीच होती. दुसरा झटका टाळणारी गोळी अशी सुटत असेल, तर सिटिकोलिनवर वाचलेले पैसे महागात पडतील.

औषधविक्रेता, खानापूर
ताई, हे मान्य आहे, आणि बंद करायचे ते डॉक्टरांना विचारूनच. म्हणून कायमच्या गोळ्या मी वेगळ्या पाकिटात, मराठीत लिहून देतो. पण डॉक्टरसाहेबांनी सहा आठवडे म्हटलेच आहे, तर तेवढे दिवस चिठ्ठीवर लिहायला काय हरकत आहे?